पुस्तक यायच्या आधीच वेबसाईट : नवीन मराठी लेखकासाठी पहिल्यापासून सगळं

मागच्या दिवाळीत माझ्या एका मैत्रिणीची कथा एका चांगल्या अंकात छापून आली, पहिलीच. एका वाचकाला ती इतकी आवडली की तिचं अजून काही मिळतंय का बघायला त्याने गूगलवर नाव टाकलं, तर सापडलं काय, तर त्याच नावाच्या एका डेंटिस्ट बाईंचा दवाखाना, कुठल्यातरी परीक्षेच्या निकालाची पीडीएफ आणि कुलूप लावलेलं फेसबुक प्रोफाईल. त्या भल्या माणसाने शेवटी अंकाच्या ऑफिसात फोन करून निरोप पोचवला. पण एवढी चिकाटी कोण दाखवतं, बाकीचे पान उलटून पुढच्या कथेवर गेले असणार.

मग आम्ही दोघींनी दोन शनिवार-रविवार बसून तिची साईट बनवली. माझी स्वतःची मी चार वर्षांपूर्वी केली होती आणि त्यात करता येतील तेवढ्या सगळ्या चुका करून ठेवल्या होत्या, त्यामुळे तिचं काम बरंच सोपं झालं. अजून पुस्तक नाही, चार-पाच कथा नाहीतर कविता इकडेतिकडे आल्यात, पुढे संग्रह काढायचाय, अशा माणसासाठी हे लिहितेय. कोडिंग यायची गरज नाही.

येणार कोण, ते आधी ठरवा

तुमच्या साईटवर दोनच माणसं येतात. एक म्हणजे संपादक, प्रकाशक किंवा कुठल्यातरी साहित्य मंडळाचा कार्यक्रम ठरवणारा माणूस, त्याला मोबाईलवर दीड-दोन मिनिटांत कळायला पाहिजे की ही व्यक्ती कोण, काय लिहिते, कुठे छापून आलंय आणि हिला गाठायचं कसं. दुसरा वाचक. त्याने एक कथा वाचलीय आणि त्याला दुसरी हवीय. बस. बाकी जे काही सुचतं ना, हलणारे फोटो, ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, आतापर्यंत किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा, मागे वाजणारी बासरी, ते या दोघांपैकी कोणालाच नको असतं. मी माझ्या पहिल्या साईटवर पिंपळपान टाकलं होतं, पडत राहणारं. असो.

‘फेसबुक आहे की, साईट कशाला’ हे मला दर वेळी ऐकवतात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, आणि दोन्हीकडे लोकांनी रात्र रात्र जागून लिहिलेलं होतं. शिवाय फेसबुकवरची तुमची मार्चमधली कविता जूनमध्ये शोधून दाखवा, तुम्हाला स्वतःलाच सापडणार नाही. तिथे जरूर लिहा, पण जपून ठेवायचं ते घरात ठेवावं.

कॉम्प्युटर नंतर, आधी वही

सगळे आधी टेम्प्लेट, म्हणजे साईटचा तयार साचा, निवडायला बसतात, रंग बघतात, त्यात आठवडा जातो आणि मग टाकायला मजकूरच नसतो. उलटं करा. वहीत किंवा एका फाईलमध्ये हे जमवा : छापून आलेल्या सगळ्याची यादी (शीर्षक, अंकाचं नाव, वर्ष), एक बरा फोटो, परिचय, आणि साईटवर ठेवायचे दोन-तीन नमुने. फोटो लग्नातला कापलेला नको, शेजारच्या काकूंचा खांदा दिसतो. सकाळी खिडकीजवळ उजेडात उभं राहून कोणाकडून तरी मोबाईलवर काढून घ्या, मागे साधी भिंत. पुस्तकांच्या कपाटासमोर हनुवटीला हात लावून काढायचा मोह होईल, तो आवरा.

परिचय : इथे सगळे घसरतात

आपल्याकडे परिचय म्हटलं की लेखणीला एकदम सूत्रसंचालक चावतो. ‘बालपणापासूनच साहित्याची ओढ असलेल्या, संवेदनशील मनाच्या, शब्दांशी मैत्र जपणाऱ्या...’ हे वाक्य कोणालाही लावा, बसतं, म्हणून ते कोणाचंच नाही. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात हे खपतं, साईटवर नाही.

तीन गोष्टी लिहा : कुठली आहात आणि काय काम करता, कशाबद्दल लिहिता, कुठे आलंय. माझा पहिला परिचय अडीचशे शब्दांचा होता, आताचा असा आहे : ‘कराडला वाढले, पुण्यात बँकेत नोकरी करते. कथा लिहिते, बऱ्याचशा कर्ज काढणाऱ्या आणि कर्ज बुडवणाऱ्या माणसांच्या. तीन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत, सध्या पहिल्या संग्रहावर काम चालू आहे.’ संपलं. ‘कर्ज बुडवणाऱ्या माणसांच्या’ एवढ्या तीन शब्दांवर मला दोन फोन आलेत. तुमचं असं काय आहे ते शोधा, ऊसतोडीच्या हंगामात शाळा सुटलेली पोरं असतील, ठाण्यातल्या सोसायटीची मीटिंग असेल, नाहीतर न्यू जर्सीत आईबाबांना महिनोन्‌महिने सांभाळतानाची चिडचिड असेल.

परिचय दोन आकारांत ठेवा, एक चाळीस-पन्नास शब्दांचा, एक दीडशेचा, दोन्ही त्याच पानावर आणि कॉपी करता येतील असे, फोटोत बसवलेले नाही. कारण अंकवाले आणि कार्यक्रमवाले ऐनवेळी परिचय मागतात, आणि आयता मिळाला नाही की स्वतः लिहितात, आणि मग तुम्ही ‘सुप्रसिद्ध कवयित्री’ होता, कविता एकही लिहिलेली नसताना. नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही लिहा, कारण अर्धे लोक मराठी नाव इंग्रजी अक्षरांतच शोधतात.

पुरस्कार खरे आणि मोजके. व्हॉट्सॲप ग्रुपच्या स्पर्धेचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र टाकू नका, त्याने संपादकाच्या मनात तुमची किंमत वाढत नाही, उलट बाकीच्या यादीवरही त्याचा विश्वास डळमळतो.

कोणता नमुना ठेवायचा, आणि कोणता अजिबात नाही

हे नीट वाचा, कारण इथली चूक महागात पडते. बऱ्याच दिवाळी अंकांना आणि कथास्पर्धांना अप्रकाशित लेखन लागतं, आणि तुमच्या साईटवर टाकलेलं लेखन बरेच संपादक ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. म्हणजे जी कथा अजून कुठेतरी पाठवायचीय ती साईटवर अख्खी टाकायची नाही. दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवायला उन्हाळ्यापासूनच सुरुवात होते, तेव्हा मार्चमध्ये उत्साहाच्या भरात सगळं टाकून बसाल तर जूनमध्ये पाठवायला हातात काही नसेल.

मग टाकायचं काय? छापून आलेलं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे तुम्ही स्वतंत्रपणे लिहिलेल्या कथेचे पहिले मालक तुम्हीच, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तसं लेखी आणि सहीनिशी लागतं. कुठे फॉर्मवर सही केली असेल तर मात्र तो काढून वाचा. आणि कायदा राहू दे बाजूला, अंक स्टॉलवर विकला जात असताना तीच कथा फुकट टाकणं बरं दिसत नाही, संक्रांतीपर्यंत थांबा, संपादकांना एक मेसेज करा, आणि कथेखाली ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष द्या. कथेबरोबर छापलेलं चित्र तुमचं नसतं, ते विचारल्याशिवाय उचलायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या कवितेच्या ओळी साईटवर सजावटीला लावायच्या असतील तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो हे लक्षात ठेवा.

दोन पूर्ण कथा पुरेत. तिसरीचा नुसता सुरुवातीचा तुकडा. कवी असाल तर सात-आठ कविता, शंभर नव्हे! शंभरात चांगल्या आठ शोधायचं काम वाचकावर कशाला टाकायचं.

नाव, म्हणजे डोमेन

डोमेन म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता. त्यासाठी स्वतःचं नाव घ्या. ‘शब्दगंध’, ‘मनातलं’, ‘काव्यसरी’ हे सगळं हजार जणांनी घेऊन झालंय. तुमचं नाव डॉट कॉम मिळालं तर बघा, नाहीतर डॉट इन, वर्षाला साधारण हजार-दीड हजाराचा मामला. पहिल्या वर्षाची ऑफर दीडशे-दोनशेची दाखवतात तिला भुलू नका, नूतनीकरणाचा दर काय आहे तो बघा.

आता मराठी आडनावाची गंमत. रोमनमध्ये ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ‘दीक्षित’ला डबल ई की आय, शेवटी ए लावायचा की नाही. जे स्पेलिंग तुमच्या ईमेलमध्ये आणि छापून आलेल्या गोष्टींत आहे तेच घ्या, आणि फोनवर एका वाक्यात सांगता येतंय का ते खरंच कोणालातरी फोनवर सांगून बघा. मधे डॅश नको. देवनागरी डोमेनही मिळतं, डॉट भारत २०१४ मध्ये सुरू झालं, दिसतं फार सुंदर, पण कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवलं की बऱ्याचदा ‘एक्स एन डॅश डॅश’ अशी रोमन अक्षरांची माळ होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. हौस म्हणून दुसरं घ्या, पहिलं नको.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डने. माझं पहिलं डोमेन साईट करून देणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने ‘ताई, मी बघतो सगळं’ म्हणून स्वतःच्या अकाउंटवर घेतलं होतं, मग तो नोकरीला बेंगळुरूला गेला, नंबर बदलला, आणि माझंच नाव परत माझ्याकडे यायला तीन महिने लागले. तो वाईट नव्हता, विसरला होता. ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

कशावर बनवायची

पैसे घालायचे नसतील तर गूगलचं ब्लॉगर. जुनाट दिसतो, पण फुकट आहे आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं, म्हणजे खर्च फक्त डोमेनचा. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये स्वतःचं डोमेन जोडता येत नाही आणि त्यांच्या जाहिराती दिसतात, तेव्हा तिकडे जायचं तर पैसे भरायची तयारी ठेवा, मग ते ब्लॉगरपेक्षा बरंच सुबक आहे. होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायला इंटरनेटवरची जागा, विकत घेऊन त्यावर वर्डप्रेसचं सॉफ्टवेअर स्वतः टाकणं हा तिसरा रस्ता, पण त्यात अपडेट, बॅकअप, प्लगइन (वर जोडायची छोटी सॉफ्टवेअर) सगळं आपल्या गळ्यात, आणि आपल्याला लिहायचंय की प्लगइन सांभाळायचेत? विक्स बनवायला सोपं, फक्त तिथली साईट उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही हे माहीत असू द्या. मैत्रिणीची आम्ही वर्डप्रेसच्या पेड प्लॅनवर केली, माझी अजून ब्लॉगरवर आहे, संपादकांना दोन्हींत काडीचा फरक पडलेला नाही.

पानं चारच : मुखपृष्ठ, लेखन, परिचय, संपर्क. मुखपृष्ठावर नाव, एका ओळीत तुम्ही काय लिहिता, फोटो, आणि एका कथेची लिंक. पुस्तक नाहीये तर ‘पुस्तके : लवकरच’ असं रिकामं पान ठेवू नका, ओसाड वाटतं.

देवनागरीची डोकेदुखी

इंग्रजी गाईडमध्ये हे कुठेच नसतं म्हणून जरा सविस्तर. बहुतेक थीम, म्हणजे साईटचे तयार साचे, इंग्रजी अक्षर समोर ठेवून बनलेल्या असतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते, ओळींचं अंतर दीड असेल तर १.७ पर्यंत न्या. अक्षराचा आकार १८ ते २० पिक्सेल, कारण वाचणाऱ्यांत चाळिशीचा चष्मा लागलेले भरपूर. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग शून्यावर ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मजकूर डावीकडून सुरू, दोन्ही बाजूंनी सरळ केलेला नको, मोबाईलवर मधे खिंडारं पडतात.

फॉन्ट एकच पुरे, फार तर दोन. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मजकुराला मुक्ता छान चालतो, त्यात बारीकपासून ठळकपर्यंत सगळी वजनं आहेत. कथेला छापील पुस्तकासारखं रूप हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, फक्त त्याला खरा ठळक प्रकार नाहीये, बोल्ड केलं तर ब्राउझर ओढूनताणून जाड करतो, तेव्हा शीर्षकाला नुसता आकार वाढवा. साईटच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका, काही फॉन्ट त्यावरूनच मराठी ल-श दाखवतात.

आता सगळ्यात मोठी कटकट. अंकवाल्यांकडून तुम्हाला कथेची फाईल परत मिळाली तर ती बऱ्याचदा श्रीलिपीत किंवा तसल्या छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टात असते, ती साईटवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. साईटवर फक्त युनिकोड चालतं, म्हणजे मोबाईलवर मराठी टाईप करतो ते. त्यांच्याकडे युनिकोड प्रत मागा, नसेल तर कन्व्हर्टरमधून काढा, आणि मग अक्षरन्‌अक्षर वाचा. रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य बिघडतो, जोडाक्षरं सुटी होतात. मी तर आता मोठी कथा असली तरी माझ्या मूळ फाईलवरूनच घेते आणि संपादकांनी केलेले बदल हाताने करते, त्यात वेळ कमी जातो. कथेच्या पानाचा फोटो टाकणं हा उपाय नाही, मोबाईलवर झूम करून कोणी वाचत नाही आणि गूगललाही तो नीटसा मिळत नाही.

कवितेचं वेगळंच. नुसतं एंटर मारलं की प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते आणि कविता किराण्याच्या यादीसारखी लांबते. ओळ तोडायला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की एंटर. वर्डप्रेसमध्ये कवितेसाठी वेगळा ब्लॉक आहे, तो वापरा, मोकळ्या जागासुद्धा जशाच्या तशा राहतात.

लिंक, व्हॉट्सॲप वगैरे

तुमचे नव्वद टक्के वाचक व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून येणार असं धरून चाला, हा माझा अंदाज, आकडेवारी नाही. वर्डप्रेस शीर्षकावरूनच लिंक बनवतं, शीर्षक देवनागरीत असेल तर पाठवताना त्या लिंकमध्ये टक्क्याच्या चिन्हांची जत्रा भरते, एका देवनागरी अक्षराची नऊ चिन्हं होतात, मर्यादा दोनशे चिन्हांची, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक अक्षरांत लिंक मधेच तुटते. म्हणून प्रत्येक पानाची लिंक प्रसिद्ध करायच्या आधी हाताने रोमनमध्ये लिहा, छोटी. ब्लॉगर तर देवनागरी शीर्षकाला नुसतं ‘ब्लॉग पोस्ट’ आणि पुढे आकडा लावून मोकळा होतो, तिथेही ‘कस्टम पर्मालिंक’ या सेटिंगमध्ये जाऊन लिंक हाताने लिहायची. एकदा पाठवलेली लिंक मग बदलायची नाही.

लिंकबरोबर जे चित्र दिसतं ते तुम्हीच ठरवून द्या, १२०० बाय ६३० पिक्सेल, तीनशे केबीच्या आत, त्यावर कथेचं नाव आणि तुमचं नाव मोठ्या अक्षरात. बाकीचे फोटोही लहान करून टाका, मोबाईलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत चहा होतो. गूगलच्या शोधात साईट यावी म्हणून ती गूगल सर्च कन्सोलमध्ये नोंदवा, फुकट आहे, पंधरा मिनिटांचं काम.

संपर्क, आणि पत्ते गोळा करणं

ईमेल सरळ लिहून ठेवा, फॉर्म असला तरी. फॉर्ममधून आलेले मेल स्पॅममध्ये पडतात आणि तुम्हाला महिन्याने कळतं की कोणीतरी कार्यक्रमाला बोलावलं होतं. मोबाईल नंबर उघडा टाकू नका, विशेषतः बायकांनी, का ते सांगायला नको.

नवीन काही आलं की कळवायला वाचकांचे ईमेल घेत असाल तर काय पाठवणार आणि किती वेळा ते तिथेच लिहा आणि नाव काढून टाकायची सोय द्या. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीच्याच पायावर उभा आहे, आणि न विचारता दोनशे जणांना ग्रुपमध्ये घालणारा कवी आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

पुस्तक आलं की

तेव्हा पाचवं पान. मुखपृष्ठ, चित्रकाराचं नाव, पानं, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पहिल्या प्रकरणाचा तुकडा आणि विकत घ्यायची लिंक एकदम वर. स्वतःच प्रकाशित करत असाल तर आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला हजारो रुपये देऊ नका. सही केलेल्या प्रती घरून पाठवायच्या असतील तर पोस्टाच्या ज्ञान पोस्ट या पुस्तकं पाठवायच्या सेवेबद्दल विचारा, १ मे २०२५ पासून सुरू झालीय, सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढे वजनाप्रमाणे जास्त, आणि वर कर असा दर होता, माल जमिनीवरून जातो त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅक करता येतं. पोस्टाचा खर्च किमतीत धरलाय की वेगळा ते पानावर स्पष्ट हवं, नाहीतर वीस-तीस रुपयांसाठी दहा मेसेज येतात.

जगाला दाखवायच्या आधी

तीन माणसं पकडा, त्यातलं एक साठीच्या पुढचं आणि एक जुना, काच तडकलेला फोन वापरणारं. त्यांच्या हातात साईट द्या आणि म्हणा, ‘यावरून मला ईमेल करून दाखव.’ मग गप्प बसा. मैत्रिणीच्या काकांनी आमच्यासमोर चार मिनिटं तिच्या फोटोवरच बोट दाबलं, कारण त्यांना वाटलं त्यावरच कुठेतरी पुढे जायचं असेल, आणि मेनूच्या त्या तीन आडव्या रेघा म्हणजे डिझाईन आहे असं ते शेवटपर्यंत धरून बसले. त्याच संध्याकाळी आम्ही रेघा काढून टाकल्या आणि चारही पानांची नावं वर सरळ मराठीत लिहिली. काकांनी दुसऱ्या दिवशी मेल केला, कथेत दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत म्हणून.